लॉग स्केलवरची बोटं

वाळूजच्या आमच्या कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यापुढे नारळ फोडला, त्याला हार घातला आणि त्याच्या खोलीबाहेर चपला काढायचा नियम केला. प्रेस शॉपमधल्या पत्रा कापणाऱ्या मशिनी माणसांची बोटं खायच्या. त्यांना मात्र खंडेनवमीच्या झेंडूपलीकडे कुणी काही लावलं नाही. हात वाचवणारा गार्डसुद्धा नाही.

त्या गार खोलीतला एकमेव शहाणा मी. स्प्रेडशीट शिकून आल्याचा माज होता. एकदा हजारोंनी निघणारे वॉशर आणि मोजकेच निघणारे मोठे भाग एकाच आलेखावर दाखवायचे होते. साध्या स्केलवर मोठे भाग तळाला चिकटून बसत. मी लॉग स्केल लावली. एक, दहा, शंभर, हजार, सगळ्यांत सारखंच अंतर. दोन्ही रेघा नीट दिसू लागल्या. काम चोख होतं, पण मॅनेजरसमोर शेखी मिरवायची काय गरज होती? "साहेब, या स्केलवर चढ केवढाही असो, अंगावर येत नाही," असं मीच म्हणालो.

त्या गृहस्थाला आलेख उलटा धरलाय की सुलटा, तेही कळत नसे. हे एक वाक्य मात्र बरोबर कळलं.

त्या एका वर्षात काम दुप्पट झालं होतं आणि प्रेसवरचे अपघातही. कामगार गार्ड मागत होते. गार्ड लावला की तासाला नग कमी निघतात, हे मॅनेजरचं दुखणं. त्यातच मोठे साहेब पाहणीला येणार होते.

"अपघातांचा आलेख तुमच्या त्या लॉगवर काढा. एक ते हजार," मॅनेजर म्हणाले. "विद्यापीठाच्या नामांतरावरून बाहेर आधीच पेटलंय, आत आणखी काडी नको."

नामांतराचा आणि तुटलेल्या बोटांचा काय संबंध? पण त्या वर्षांत शहरातल्या कुठल्याही नालायकाला आपली नालायकी झाकायला तेवढं कारण पुरत असे. मी आलेख काढला. रेघ जवळजवळ आडवी झाली.

पाहणीच्या दिवशी तो भिंतीवर लावला होता. दौलताबादकडच्या मेंढपाळ घरातला एक प्रेस ऑपरेटर पुढे झाला आणि बाजूचे आकडे बोटाने वाचू लागला.

"व्हय साहेब, एकापासून धापर्यंत जेवढी जागा, तेवढीच धापासून शंभरापर्यंत? अशी मेंढरं मोजली तर लांडगा लई खूश व्हईल."

मॅनेजर हसले. मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "आलेख बरोबर आहे ना?"

"हो सर, बरोबर आहे," मी म्हणालो. एकही आकडा चुकला नव्हता. भेकडाला याहून सोयीचं खोटं कुठे मिळणार!

गार्ड आले नाहीत. दोन महिन्यांनी त्याच ऑपरेटरचा उजवा पंजा प्रेसखाली गेला. मॅनेजर दवाखान्यात मोसंबी घेऊन गेले. तो ती सोलणार कशी, हे त्या माठाच्या डोक्यात आलं नाही. मी त्यांना आजही शिव्या घालतो, पण "बरोबर आहे" म्हणणारा मी होतो.

कॉम्प्युटरसमोर बसून मी त्या महिन्याच्या चौकटीतला अपघातांचा आकडा एकाने वाढवला आणि आलेख पुन्हा छापला. जुना आणि नवा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. रेघ जागची हलली नव्हती.