लक्ष्मीला साखळी

पूर्णा गावच्या गोदामाबाहेर आमचा छोटा ट्रॅक्टर पहिल्यांदा पाहिला आणि मी घरून नेलेली झेंडूची माळ त्याच्या बॉनेटवर घातली. चिकूच्या रांगांतून सहज वळेल एवढाच तो. कुंकू लावलं, नारळ वाढवला. आमचं गाव वाड्याच्या अलीकडे. दुपारी घरी जेवायचं, असा बेत.

न्यायला काल्हेरचा बाळाराम आला होता, पिकअपला ट्रेलर जोडून. आमच्या गावातल्या सगळ्यांची अवजारं तोच पोचवायचा. त्याने ट्रॅक्टर फळ्यांवरून वर चढवला, हँडब्रेक ओढला आणि चारी कोपऱ्यांसाठी साखळ्या काढल्या.

"साखळी नको," मी म्हणालो. "लक्ष्मी आहे ती. जखडून घरी न्यायची?"

"काका, लक्ष्मीला खड्डे लागत न्हाय काय? साखळीच बरी हाय."

"ट्रॅक्टर माझा आहे ना? दोर लाव."

"लावतो. पन मंग मला बोल लावू नका."

समोरच्या दुकानातून मी नायलॉनचा नवा दोर आणला.

अंजूरफाट्याला चहा-वडापावसाठी थांबलो. बाळाराम खाणं सोडून ट्रेलरभोवती फिरून आला. "ताणला दोर," म्हणत त्याने तो पुन्हा आवळला. साखळी लावायला हवी, हे मला तिथेच कळलं होतं. तरी मी वडापाव संपवत बसलो.

धामणकर नाक्याच्या गर्दीत मागून एक रिक्षावाला ओरडला, "ओ चाचा, आपका ट्रॅक्टर अकेला जा रहा है!"

वळून पाहिलं. दोर पत्र्याच्या कडेवर घासून तुटला होता. हँडब्रेक असूनही ट्रॅक्टर मागे घसरला होता आणि त्याच्या वजनाने फाळका (ट्रेलरची मागची झडप) बाहेर फुगला होता. फाळक्याला लागूनच त्याची शेअर रिक्षा, आत लूमच्या कारखान्यातून सुटलेल्या बायका. पुढेमागे गाड्या, कुणालाच हलायला जागा नाही.

मी उतरलो. बाळाराम ट्रेलरवर चढून चाक आणि फाळका यांच्या मधल्या सांदीत शिरला. "काका, दगड द्या!" मी नुसता इकडेतिकडे बघत राहिलो. लोखंड करकरलं, चाक आणखी सरकलं, त्याची बोटं दिसेनाशी झाली. मला वाटलं, हा मेला, आणि मी मारला.

दगड रिक्षावाल्यानेच दिला. चाक अडलं. बाळारामने रक्ताळलेल्या हाताने चारी साखळ्या लावल्या, आवळल्या, हलवून पाहिल्या.

"आता लक्ष्मी रागावली तर माझं नाव सांगा," तो म्हणाला.

पुढचा सगळा रस्ता मी मागेच बघत होतो. खड्ड्यांमागून खड्डे आले. साखळ्या मात्र तसूभर हलल्या नाहीत.

घरी बायको ओवाळायला आली. दारात चार शेजारी जमले होते. तिने बाळारामच्या बोटांवरचं फडकं पाहून विचारलं, "हे कसं झालं?"

मी खरोखरच त्याचं नाव सांगितलं. "यानं दोर बांधला होता. तुटला."

बाळाराम ऐकत उभा होता. त्याने ताटातला पेढा घेतला नाही. साखळ्या गोळा केल्या आणि गेला. तेव्हापासून आमच्या गावातून त्याला कोणी बोलावत नाही. हलगर्जी आहे, म्हणतात.

गावात वाचलं जाईल म्हणूनच हा प्रवास लिहून काढला. दोर माझा होता. यापुढे कुणाला ट्रॅक्टर आणायचा असेल, तर बाळारामला बोलवा. आणि तो साखळ्या काढेल तेव्हा मध्ये बोलू नका.