खारट आइस्क्रीम

आंब्याच्या आइस्क्रीममध्ये मीठ गेलं ते माझ्यामुळे. मुद्दाम नाही, हावरटपणामुळे. हे आजवर मी कोणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आणि तिला तर मी साहेबांची वाट पाहता पाहता त्यांच्याच खुर्चीत डुलकी काढली होती, तेसुद्धा सांगितलंय. माझ्या फजित्या मी स्वतःच चवीनं सांगतो. ही एकच गाळत आलो. का, ते कळेल तुम्हाला.

बिबवेवाडीतल्या आमच्या तीन मजली इमारतीत दर मे महिन्यात मुलांसाठी पॉट आइस्क्रीम व्हायचं. पॉट मी भाड्यानं आणायचो, दूध प्रत्येक घरून यायचं, आणि पायरी आंबे तळमजल्यावरच्या रुख्सानाकडून — तिच्या अब्बांचा मंडईत फळांचा गाळा होता. लाकडी बादलीत दुधा-आंब्याचा उभा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ. पोरं पाळीपाळीनं दांडा फिरवायची. शेवटी शेवटी गोणपाट टाकून सगळ्यात लठ्ठ पोराला वर बसवायचं, म्हणजे पॉट हलत नाही. मी मुकादम. "झाकण कोणी उघडायचं नाही! खारं पाणी आत गेलं की संपलं सगळं!" हे भाषण दर पाच मिनिटांनी.

त्या दिवशी दांडा जड झाला तसं मी मुलांना पिटाळलं — जा, आपापल्या वाट्या-चमचे घेऊन या. अंगणात मी एकटा. आता दोन तास आंब्याचा वास घेत बसलेला माणूस दुसरं काय करील? — हे असं विचारून मी तुम्हालाही सामील करून घेतोय, ही माझी जुनी सवय. बर्फ बाजूला सारला, झाकण काढलं, बोटानं दोनदा चाखलं. झकास झालं होतं. तेवढ्यात वर गॅलरीत कोणाची तरी चाहूल लागली. घाईघाईनं झाकण दाबलं. पुसलं नाही. नीट बसलंय का, तेही पाहिलं नाही.

घर जवळ म्हणून रुख्साना सगळ्यांत आधी परत आली. नऊ वर्षांची. आली ती सरळ दांडा फिरवायला बसली — आणि मी बसू दिलं.

पहिली वाटी वरच्या मजल्यावरच्या साठेकाकूंना. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि तसाच बाहेर काढला.

"यंदा समुद्राचं आइस्क्रीम का हो?"

पोरं वाट्या धरून उभी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? पोरांनी वर्षभर 'हावरट काका' म्हणून चिडवलं असतं. एवढंच — याहून जास्त काही नाही. आणि मी म्हणालो, "मघाशी रुख्साना एकटीच होती इथं. उघडलं असेल झाकण. लहान आहे, जाऊ द्या."

लहान आहे, जाऊ द्या. मोठेपणा बघा माझा!

साठेकाकू म्हणाल्या, "तरी मी सांगत होते, सगळ्यांचे हात लावून घेऊ नका." हे 'सगळे' म्हणजे कोण, ते अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. मलाही. रुख्साना रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली नुसती, मग रिकामी वाटी घेऊन घरात गेली.

दुसऱ्या दिवशी तिचे अब्बा आंब्यांची पाटी घेऊन दारात. "पोरीची चूक झाली, साहेब. सगळ्यांचं दूध वाया गेलं." मी पाटी घेतली. घेतली — आणि त्या आंब्यांचा रस पुरीबरोबर ओरपला.

पुढच्या मे महिन्यात पॉट गच्चीवर झालं. रुख्सानाला बोलवायचं नाही असं कोणीच म्हणालं नाही. आमच्याकडे असल्या गोष्टी न बोलता होतात. पण मुलांना हाका मारायचं काम कोणाचं होतं? माझंच ना? बर्फ वर नेताना ती जिन्याच्या तोंडाशी उभी दिसली. "बाजूला हो गं, भिजशील," म्हणालो. तिच्याशी बोललो ते एवढंच. दोन वर्षांनी ते घर सोडून कोंढव्याला गेले.

एवढ्यावर संपलं असतं तर 'तेव्हा अक्कल नव्हती' म्हणून मोकळा झालो असतो. पण गेल्या वर्षी रुख्साना लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. आता वाघोलीला कॉलेजात शिकवते. चहा झाला, जुन्या गप्पा झाल्या, आणि बायको हसत म्हणाली, "आठवतं का गं? आमच्या ह्यांचं आइस्क्रीम खारट करून ठेवलं होतंस ते?" तिच्या मनात काही नव्हतं. रुख्सानानं माझ्याकडे पाहिलं. खोलीत आम्ही तिघंच; साठेकाकूंना जाऊन वर्षं झाली होती. एक वाक्य पुरलं असतं. मी — मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

फाटकापर्यंत सोडायला खाली गेलो. रिक्षात बसता बसता ती थांबली. आवाज अगदी साधा.

"काका, त्या दिवशी तुमच्या मिशीला आंबा लागलेला मी पाहिला होता. मला वाटायचं, एवढ्याशा पोरीसमोर मोठा माणूस कसं कबूल करणार? आता मी पंचेचाळीसची आहे."