एका बाणाची निवड

जगात घाईने निवडावी अशी एकही गोष्ट नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, नवरा होता. आमच्या दाजींनी जनावरावर आयुष्यात एकच बाण सोडला; पण तो निवडायला त्यांना अकरा वर्षं लागली.

पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते, तेव्हा त्यातल्या एकात दाजी इन्स्पेक्शन खात्यात होते. दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट काढायचा त्यांना पगार मिळे आणि सुटीच्या दिवशी ते हेच काम फुकट करत. धनुष्य त्यांनी मावळातल्या एका ठाकराकडून करवून घेतलं होतं. त्याच्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. "धनुष्य नुसतं ढकलतं रे. खरं काम बाणाचं," असं ते म्हणत. चिंचवडच्या त्यांच्या दोन खोल्यांत एका कोपऱ्यात बांबूच्या काड्यांचा भारा कायम उभा असे. एकेक काडी ते उजेडासमोर धरून गोल फिरवत, मायक्रोमीटरने मापत, सोनाराच्या तराजूत तोलत. मग दोन खुर्च्यांवर आडवी ठेवून मधोमध वजन टांगत आणि ती किती वाकते ते बघत. फार मऊ काडी सुटताना माशासारखी वळवळते आणि फार ताठ असली तर बाजूला जाते, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. शंभरात चार काड्या पास होत. नापास काडीला लाल रंगाचा ठिपका. अक्काच्या घरातले पडद्याचे दांडे, टोमॅटोच्या रोपांचे आधार, गाद्या झोडपायची काठी, सगळ्यांवर तो ठिपका होता. अक्का म्हणायची, "माझ्याही कपाळी यांनीच लाल ठिपका लावलाय. तो कुंकवाचा की नापासाचा, ते मात्र अजून सांगत नाहीत."

पिसांचंही तेच. पिसं गिधाडाची हवीत, आणि एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखातली हवीत, नाहीतर बाण हवेत डगमगतो. एकदा कोणीतरी त्यांना पिशवीभर पिसं आणून दिली आणि नेमके त्याच रविवारी माझ्यासाठी मुलीचे वडील बोलणी करायला आले. दाजी जमिनीवर मांडी घालून पिसांचे दोन ढीग करत होते. पाहुण्यांना बसा म्हणायच्या आधी त्यांनी त्यांच्या हातात एक पीस दिलं. "डाव्या पंखातलं की उजव्या?" पाहुणे बिचारे घाबरून म्हणाले, "डाव्या." दाजींनी ते डाव्या ढिगावर ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "स्थळ चांगलं आहे."

बाणाची पाती ते करवतीच्या जुन्या पात्यातून घासून काढत आणि धार हातावरच्या केसांवर तपासत. त्यामुळे त्यांचा डावा हात बारा महिने तुळतुळीत असे. "हलका बाण लांब जातो, जड बाण आत जातो. मोठ्या जनावराला आत जाणाराच लागतो." एकदा मी हसून म्हणालो, "दाजी, अहो, जनावर कुठाय?" ते पात्याची धार बघत राहिले. स्वयंपाकघरात अक्काने मला गप्प केलं. दाजी लहान असताना त्यांच्या गावाकडे एक सांबर मांडीत बाण घेऊन चार दिवस नदीवर पाण्याला येत होतं. कोणाचा तरी हलका बाण नीट आत गेला नव्हता. "पाचव्या दिवशी ते आलं नाही," अक्का म्हणाली. "म्हणून हे सगळं चाललंय. परत हसू नकोस."

मग तळवड्याच्या रामभाऊचं प्रकरण झालं. रामभाऊ दाजींच्याच कारखान्यात लेथवर होता. गावात त्याचा भुईमूग होता. एक सुळेवाला रानडुक्कर रोज संध्याकाळी त्यात घुसायचा. त्याला हाकलायला गेलेल्या रामभाऊच्या वडलांची त्याने मांडी फाडली. तेव्हा शिकारीला आजच्याइतकी बंधनं नव्हती. रामभाऊ सरळ दाजींच्या घरी आला.

"गावानं ठरिवलंय, दाजी. कणकेच्या गोळ्यात बॉम्ब घालून बांधावर ठिवायचे."

दाजींनी हातातला कप खाली ठेवला. "अरे, त्यानं जबडा फुटतो. जनावर मरत नाही, तसंच हिंडत राहतं. आणि तुमची कुत्री, गुरं?"

"मग आमी काय करायचं? म्हातारा हातरुणाला खिळलाय."

"मला आठ दिवस दे."

त्यातले सहा दिवस बाण निवडण्यात गेले. अक्काने देवाला फूल वाहिलं, मी रजा टाकली, आणि सातव्या संध्याकाळी तीन बाण घेऊन आम्ही तळवड्याला गेलो. बांधावरच्या आंब्यावर रामभाऊने माळा बांधला होता. ऊन उतरलं तसा डुक्कर आला आणि वीस पावलांवर येऊन थेट आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. दाजींनी धनुष्य ओढलं आणि हळूच सैल सोडलं.

"मारा की राव!" रामभाऊ कुजबुजला.

"समोरून नाही. हाडावर आपटेल."

डुक्कर निघून गेला. रामभाऊ भडकला. "मापं काढत बसा तुमी! उद्या संध्याकाळपातुर. परवा गाव बॉम्ब ठिवणार." परत येताना सायकल त्यांनी चिंचवडपर्यंत हातातच धरून आणली.

आठव्या संध्याकाळी डुक्कर आडवा उभा राहिला. बाण सुटल्याचं मला दिसलंच नाही, नुसता आवाज आला. डुक्कर उधळला आणि शेजारच्या उसाच्या कडेला दिसेनासा झाला. दाजींना ना धनुष्य हातातून सोडवेना, ना खाली उतरता येईना. रामभाऊ त्यांना धरून उतरवत होता, तेवढ्यात मी पुढे पळालो.

डुक्कर चाळीस पावलांवर पडला होता. बाण आरपार गेला होता. पण श्वास चालू होता. त्याचा एक डोळा माझ्याकडे होता. मी तिथेच उभा राहिलो. मोजून पाचसहा श्वास, मग थांबले. एवढ्यात मागून दाजींचा आवाज आला, "काय रे?"

"पडल्या पडल्या गेला, दाजी. मी आलो तेव्हा धुगधुगीसुद्धा नव्हती."

ते उकिडवे बसले आणि त्यांनी त्या जनावराच्या पाठीवर हात ठेवला. गावात त्या रात्री जेवणावळ झाली. रामभाऊच्या वडलांना खाटेसकट अंगणात आणलं होतं. दाजी तिथे पाणीसुद्धा प्यायले नाहीत. घरी येऊन ताकभात खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी काड्यांचा भारा उचलून भंगारवाल्याला देऊन टाकला. अक्का कोपरा झाडताना रडली.

निवृत्त झाल्यावर दाजी निगडीला राहायला गेले. शेवटच्या आजारपणात मी रोज संध्याकाळी जाऊन बसत असे. एकदा ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तू आधी पोचला होतास ना तिथे?"

"हो."

"त्याला काही कळलं नाही ना रे?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही, दाजी. काहीच कळलं नाही."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग माझा हात आपल्या हातात घेतला, थोपटला, आणि म्हणाले, "बरं केलंस."

मी काय बरं केलं, ते मी त्यांना विचारलं नाही.