ल्योंला उतरण्याची तालीम

आगगाडीतून कसं उतरावं, हे मी माझ्या कुटुंबाला रियाधमधल्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर बसवून शिकवलं.

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. हिचा भाऊ सुधीर फ्रान्समध्ये ल्योंला नोकरीला होता. पॅरिसपर्यंत विमान आणि पुढे सुसाट आगगाडी! रियाधमध्येच वाढलेली माझी पोरं, चिन्मय आणि सई, आगगाडीत कधी बसलीच नव्हती. त्यांच्याहून जास्त मीच नाचत होतो! तेवढ्यात सुधीरचा फोन आला.

"भाऊजी, गाडी ल्योंला दोन-चार मिनिटंच थांबते हं! दारं आपोआप बंद होतात. एखादी बॅग आत राहिली, तर गेलीच समजा."

हे कुणाला सांगतोस, बाबा? मी सेफ्टी ऑफिसर! रियाधच्या सुलै भागातल्या आमच्या कंपनीच्या गोडाउनमध्ये आग लागली तर (अजून लागलेली नाही, आमचं नशीब!) कामगारांना बाहेर कसं काढायचं, याची ड्रिल घेणारा माणूस!

सोफा म्हणजे डबा, बेडरूमचं दार म्हणजे डब्याचं दार. मी शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन दारात.

"यल्ला, चला चला! ल्यों आलं!" फुर्रर्र!

ही खजुराची बॅग घेऊन पळाली, चिन्मय मोठी बॅग ओढत, तर सई लोणच्याची बरणी पोटाशी धरून. पलीकडे पोचल्यावर सईने डोकी मोजली. "तीन! ऑल ओके!"

"अहो, खालचा तो इजिप्तचा मिसरी शेजारी भांडायला येईल!"

"येऊ दे! पुन्हा बसा!"

"बाबा, धिस इज सो सिली," चिन्मय कुरकुरला.

"मामाकडे लोणच्याशिवाय जाशील, तेव्हा कळेल सिली काय ते!"

आठवडाभर रोज संध्याकाळी हेच.

आणि अखेर खरं ल्यों आलं! मी शिट्टी फुंकली. (अख्खा डबा दचकला. एका आजोबांनी तर दोन्ही हात वर केले!) ही उतरली, पोरं उतरली, बॅगा उतरल्या. काय ती शिस्त! ऊर भरून आला हो माझा. मग सेफ्टी ऑफिसरच्या सवयीने मी डबाभर फिरून सगळ्या सीटखाली वाकून पाहिलं. काहीही राहिलं नव्हतं. मी दारापाशी येऊन ओरडलो, "ऑल क्लिअर!"

आणि दार बंद झालं.

काचेपलीकडे सई डोकी मोजत होती. तीन! ऑल ओके! तिघंही मला आनंदाने हात हलवत होती. घरी रोज तीनच भरायची, मग आज कोण कमी वाटणार?

थोड्या वेळाने, स्टेशनवर घ्यायला आलेल्या सुधीरचा फोन. "भाऊजी, बॅगा सगळ्या आल्या! बरणीसुद्धा!"

"अरे, मी गाडीतच आहे!"

मग हिचा आवाज आला. "अहो, तुम्हीपण उतरणार होतात? मग एकदा तरी तालमीत उतरायचं होतं ना!"

हल्ली सुलैला ड्रिलची शिट्टी वाजली, की सगळ्यांच्या आधी मीच बाहेर पळतो. मला पळताना बघून कामगारांना वाटतं, आज खरंच आग लागली!