जुन्या स्पीकरच्या दुकानात

घरी केलेलं गाणं मी जुन्या स्पीकरच्या दुकानांत जाऊन तपासतो. चांगले स्पीकर परवडत नाहीत, पण गिऱ्हाईक म्हणून गेलं की ऐकायला कुणी अडवत नाही. एका स्टुडिओवाल्याने मला हिणवलं होतं, "घरचं गाणं घरातच बरं." ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

काल एका दुकानात माझं गाणं लावलं. इअरफोनवर स्वच्छ वाटणारा गळा ढोलकीखाली पार बुडाला. सवयीप्रमाणे मी भाव पाडायला लागलो. "फाटलाय हा, चाचा. आवाज बसलाय याचा."

दुकानदार चाचांनी त्याच स्पीकरवर दुसरं गाणं लावलं. गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू आला.

"आता सांगा शेठ, खोट कशात आहे?"

मी तणतणत बाहेर पडलो. रिक्षात, टपरीवर, कुणाच्या तरी खिडकीत गाणी वाजत होती. स्पीकर सगळे स्वस्तातले, चिरके. तरी प्रत्येक गाण्यातला शब्द न् शब्द कळत होता. स्पीकर वाईट आहे, एवढ्या एका आशेवर मी इतकी वर्षं गाणी करत आलो. आता दोष द्यायला एकही स्पीकर उरला नाही.