बुवापाड्याचं नाक

अख्ख्या अंबरनाथमध्ये ज्या एका नाकावर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, ते नाक आमच्या बुवापाड्यात राहायचं, आणि त्या नाकाला कसला म्हणजे कसलाही वास येत नव्हता. हे नाक माझ्या बाबांच्या कंपनीतल्या दोस्ताचं. आम्ही भावंडं त्यांना काका म्हणायचो, पुढे सगळा पाडाच काका म्हणायला लागला आणि त्यांचं खरं नाव रेशन कार्डापुरतं उरलं. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत दोघं शेजारी शेजारी राबले. काकांच्या घामालासुद्धा रंग यायचा, त्यामुळे काकूंच्या घरातल्या सगळ्या उशा पिवळ्या. एक दिवस कसलीशी टाकी फुटली, काका आठवडाभर खोकत पडले आणि उठले तेव्हा नाक गेलेलं. भरपाई मागायला गेले तर साहेबाने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "हात गेला असता, बोट गेलं असतं, तर काही करता आलं असतं. नाक तर जागेवर आहे ना तुमचं?" ही गोष्ट काका फक्त आमच्याच घरात सांगत, पण इतकी रंगवून की आम्ही पोट धरून हसायचो. बाबा तेवढे हसत नसत.

वास येत नाही हे लोकांना कळू नये, यासाठी काकांनी जी मेहनत घेतली तेवढी कंपनीत घेतली असती तर फोरमन झाले असते. नाक नसलेल्या माणसाला दुसरी कंपनी कामावर घेणार नाही, ही मूळची भीती. पुढे कंपन्याच राहिल्या नाहीत, पण सवय राहिली. कुणाच्याही दारात पाऊल टाकलं की काका आधी छाती भरून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "वा, काय घमघमाट सुटलाय!" एकदा आई पलंगाच्या सांध्यांत रॉकेल सोडून ढेकूण मारत बसली होती, तर हे दारातूनच म्हणाले, "वहिनी, आज गोडाधोडाचं दिसतंय!" नाल्याजवळून जाताना ते इतरांच्या आधी रुमाल काढत, आणि नाला झाकून टाकल्यावरही कितीतरी दिवस तिथे आलं की रुमाल काढतच राहिले. एकदा तर सिलेंडर गळत होता आणि हे शेजारी बसून निवांत पेपर वाचत होते. बाबासाहेबांच्या फोटोपुढे अगरबत्ती लावायला त्यांनी काडी हातात घेतली आणि काकू नळावरून धावत आल्या. तेव्हापासून काकूंनी त्यांना घरात काडेपेटीला हात लावू दिला नाही. पंचावन्न वर्षांचा बाप्या अगरबत्ती लावायला शेजारणीला हाक मारायचा.

दारूला मात्र या माणसाने आयुष्यात शिवलेलं नव्हतं. त्यांचे वडील दारूपायी गेले होते आणि त्यांनी पाचवं शील, कोणतीही नशा न करण्याचं, अगदी लहानपणीच गाठीला बांधलं होतं. रविवारी विहारात कडक पांढरे कपडे घालून ते पुढच्या रांगेत बसत. पहिली चार शीलं इतरांसारखीच म्हणत, पण पाचव्याला आवाज असा चढवत की बाहेरच्या टपरीवर उभे असलेले आदल्या रात्रीचे वीर माना खाली घालून सटकायचे. बाबा म्हणायचे, "अरे, शील घेतोयस की कोणाला दम देतोयस?" काका म्हणायचे, "दोन्ही."

कंपन्या एकामागून एक बंद पडल्या, तो हा काळ. पाड्यातली निम्मी माणसं घरी बसली आणि घरी बसलेला माणूस जे करतो ते करू लागली. अशा वेळी उल्हासनगरच्या कॅम्प एकमधले एक कापडाचे शेठ धावून आले. माणूस मनाचा चांगला, खोटं कशाला बोला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी समाजमंदिराच्या हॉलमध्ये त्यांचा टेम्पो यायचा आणि काम गेलेल्या प्रत्येक घराला गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल अशी भरलेली पिशवी मिळायची. अट एकच. "देखो साईं," शेठजींनी पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं, "दान सही घर में जाना मांगता. घरातला पुरुष येणार, तोंड उघडून फुंकणार. दारूचा वास आला, की पिशवी नाही." आता वास घेणार कोण? शेठजी तर बुवापाड्यात आले की अत्तराचा रुमाल नाकावरून काढतच नसत. त्यांनी विचारलं, इथे कधीच न पिणारा माणूस कोण? सगळ्या हॉलने एका सुरात काकांकडे बोट दाखवलं.

काका हो म्हणाले तेव्हा बाबांनी घरी येऊन कपाळावर हात मारला. "अरे, तुला काय वास येणार? दगडाला येईल एक वेळ!"

"म्हणूनच हो म्हटलं," काका म्हणाले. "दुसऱ्याला बसवला तर त्याला वास येईल ना."

मग त्या खुर्चीत काका बसू लागले आणि खरं सांगतो, असं नाटक मी पुन्हा पाहिलं नाही. समाजमंदिरामागच्या पेरूच्या झाडाला हात पोचेल तिथपर्यंत एक पान उरत नसे, कारण अर्धा पाडा ती चघळून रांगेत उभा असायचा. उरलेला अर्धा कच्चा कांदा खाऊन. काका डोळे मिटायचे, मान तिरकी करायचे, एकदा लांबून आणि एकदा जवळून हुंगायचे. मग गंभीरपणे म्हणायचे, "कांदा. वर पेरूचं पान. जा, पास." लोक थक्क व्हायचे. सुरुवातीला तर ते जेवणही ओळखायचे. एकाला म्हणाले, "सकाळी मुगाची आमटी खाल्लीस, बरोबर?" तो म्हणाला, "नाय काका, घरात परवापासनं चूल नाय पेटली." काकांनी डोळे उघडले, पिशवी स्वतः उचलून त्याच्या हातात दिली, आणि त्यानंतर पुन्हा कुणाचं जेवण ओळखलं नाही.

पण सगळेच पास होऊ लागले तर शेठजींना संशय येणार. यावर तोड निघाली ती आमच्या घरात. बाबांनीही कधी थेंब घेतला नव्हता, मी नुकता नोकरीला लागलो होतो, एका पिशवीवाचून आमचं अडत नव्हतं. ठरलं असं की मधून मधून काकांनी बाबांना नापास करायचं. पहिल्या वेळी बाबांनी इतकं मनावर घेतलं की झुलतच हॉलमध्ये शिरले, एका खांबाला नमस्कार केला आणि शेठजींना "भाऊ" म्हणाले. काका दातओठ खाऊन पुटपुटले, "एवढं नको रे!" आणि मग मोठ्याने, "नापास! लाज नाही वाटत?" शेठजी खूश झाले. पाड्यातले खरे पिणारे त्या दिवसापासून बाबांना रस्त्यात थांबवून प्रेमाने तंबाखू देऊ लागले. आई मात्र महिनाभर धुमसत होती. "तुमच्या दोस्तीपायी माझा तांदूळ गेला तो गेला, वर नवरा बेवडा म्हणून नाव झालं," असं म्हणून ती काकांना चहा द्यायची, आणि त्यात साखर मुद्दाम कमी घालायची.

हे सगळं मुळात ज्याच्यासाठी चाललं होतं, तो म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतला पेंटर. रिक्षांच्या मागे नावं आणि फुलं काढायचा, हातात जादू होती. पण स्टिकर निघाले आणि त्याचं काम गेलं. मग तो असा प्यायला लागला की पेरूचं झाडच्या झाड चघळलं असतं तरी वास लपला नसता. रांगेत तो यायचा तेव्हा बायको आणि दोन मुली मागे उभ्या असायच्या. "काका, सकाळधरनं एक थेंब नाय, आईशप्पथ," असं म्हणत तो फुंकायचा आणि शेजारचे तोंड फिरवायचे. काका त्याच्या तोंडाकडे बघतच नसत. ते मागे उभ्या असलेल्या मुलींकडे बघत आणि म्हणत, "कांदा. पास." त्या घरात महिनाभर दुसरं धान्य येत नव्हतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

घोळ झाला तो शेठजींच्या पुतण्यामुळे. अमेरिकेत राहून आलेला, गोरा, घाईत असलेला. एकदा पिशव्या वाटून परत जाताना त्याने आमच्या पेंटरला स्टेशनच्या रस्त्यावर गटाराकडेला आडवा पाहिला. तासाभरापूर्वीच तो पास झाला होता. पुतण्या म्हणाला, "उधर अमेरिका में कई जगह सरकारी मदद लेनी है तो पहले टेस्ट देना पड़ता है. नाक-वाक नहीं, मशीन. इधर भी वही होगा." पुढच्या महिन्यापासून फुंकायची नळी असलेलं मशीन येणार, लाल दिवा लागला की पिशवी कायमची बंद, असा निरोप आला. पेंटरची बायको आमच्या घरी आली आणि आईपाशी बसून राहिली. रडलीसुद्धा नाही. तिने नवऱ्याला एक दिवस कोंडून ठेवायचं ठरवलं होतं, पण तो खिडकीचे गज वाकवून जायचा हे तिलाच ठाऊक होतं.

तो रविवार मला आजही जसाच्या तसा दिसतो. टेबलावर ते पांढरं मशीन, बाजूला पुतण्या, खुर्चीत शेठजी, दोघांच्याही नाकाला अत्तराचे रुमाल. रांगेत पेंटर, भिंतीला धरून उभा, मागे मुली, बायको पुढे टेबलापाशी. काका उशिरा आले. कडक पांढरे कपडे, पण चाल जरा जास्तच सरळ. ते थेट टेबलाशी गेले आणि म्हणाले, "मशीन आधी माझ्यावर चालवा. खरं की खोटं ते लोकांना कळू द्या." पुतण्याला हे पटलं. तो सगळ्यांना म्हणाला, "देखो, अंकल कभी नहीं पीते. अभी हरी बत्ती जलेगी." काकांनी नळी तोंडात धरली आणि छातीत होतं तेवढं सगळं फुंकलं.

लाल दिवा लागला आणि मशीन कुकरसारखं किंचाळलं.

टेबलापाशीच कुणीतरी हसलं, आणि बघता बघता सगळा हॉल हसायला लागला. "काकांना बेवडा बोलतंय! अरे, डब्बा आहे हा, डब्बा!" पुतण्याने पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा लाल. आता शेठजीसुद्धा हसत होते. "अरे बेटा, इनको शराबी बोलता है तेरा मशीन? रख दे अंदर!" मशीन खोक्यात गेलं, काका आपल्या खुर्चीत बसले, आणि पेंटर पास झाला.

सकाळी उठून काका एकटे नाक्यावरच्या देशीच्या दुकानात गेले होते, हे काकूंनी आम्हाला नंतर सांगितलं. ज्याला वास नाही त्याला धड चवही नसते. किती प्यायची याचा अंदाज नाही, म्हणून काढा घ्यावा तशी अख्खी बाटली त्यांनी घशाखाली लोटली होती. संध्याकाळी ते मोरीत बसून ओकत होते आणि बाबा त्यांची पाठ चोळत होते. "कोणाला कळलं नाही ना?" एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. बाबा म्हणाले, "कोणाला नाही."

आता कळलं नाही कसं? मी टेबलापासून चार हातांवर होतो. काका दारातून आत आले तेव्हाच देशीचा भपकारा माझ्या नाकात शिरला होता. पुढे उभ्या असलेल्या सगळ्या बायकांनी तो वास घेतला होता, आणि त्यांना तो घरोघरी पाठ होता. पेंटरची बायको तर काकांच्या अगदी शेजारी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि सगळ्यांच्या आधी हसली ती तीच. अत्तराचे रुमाल लावलेले दोघे सोडले, तर त्या हॉलमध्ये ज्याला तो वास आला नाही असा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे काका.

पेंटर पुढल्या वर्षी गेला. लिव्हर. काकांनी ते फार लावून घेतलं. मयतीला ते कोपऱ्यात उभे राहून म्हणत होते, "मीच पास केला त्याला. दर महिन्याला मीच पास केला." पेंटरच्या बायकोने ते ऐकलं आणि तिथेच, सगळ्यांसमोर म्हणाली, "नापास केला असतात तर सोडली असती का त्याने? माझ्या पोरी तेवढ्या उपाशी मेल्या असत्या." पुढच्या वाटपाच्या रविवारी ती एकटीच रांगेत आली. खुर्चीसमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, "काका, आता फुंकायला कोण नाय. पिशवी भेटेल ना?" बाबांनी पिशवी उचलून दिली.

विहारात मात्र एक फरक पडला. त्या मशीनच्या दिवसानंतर काका पहिली चार शीलं म्हणत आणि पाचव्याला ओठ मिटून, मान खाली घालून बसत. आपण ते मोडलं, आता ते म्हणायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आपलं गप्प राहणं कुणाच्या लक्षात आलं तर विचारतील, या भीतीने ते पुढच्या रांगेतून मागे भिंतीपाशी जाऊन बसायला लागले. आणि पाड्याने काय करावं? कुणी कुणाला सांगितलं नाही, ठरवलं नाही, पण पाचवं शील आलं की सगळे आवाज चढवायचे. बायका, म्हातारी माणसं, आदल्या रात्रीचे वीरसुद्धा. एका माणसाचं गप्प राहणं त्या आवाजात बुडून जायचं आणि काकांना वाटायचं, कुणाला कळलं नाही.

शेठजी थकले तशा पिशव्या बंद झाल्या. मी बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट घेतला, आई-बाबांना घेऊन आलो, आणि बुवापाडा सणासुदीपुरता राहिला. काका कधी आले तर दारातच छाती भरून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "वा, काय घमघमाट सुटलाय!" आमच्याकडे नेमका तेव्हा सुतार फेविकॉल लावत असायचा. बाबा म्हणायचे, "ये, गोडाचंच केलंय." आणि आई चहात आता दोन चमचे साखर जास्त घालायची.

काका गेले त्याचा निरोप आला तेव्हा मी ऑफिसातून तडक अंबरनाथला गेलो. नंतर विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पुढे काकांचा फोटो, पांढऱ्या कपड्यातला. पेंटरच्या दोन्ही मुली आल्या होत्या, एक तर नर्सिंगला लागली होती. भन्तेजींनी शीलं द्यायला सुरुवात केली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. बाबा माझ्या शेजारी मांडी घालून बसले होते. पाचवं आलं आणि सगळ्या विहाराने नेहमीच्या सवयीनं एकदम आवाज चढवला. मागच्या भिंतीपाशी आता कुणीच बसलेलं नव्हतं, पण तेव्हा कुणाच्या ते लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.