आईचा काळा-पांढरा फ्लेक्स

काष्टीच्या बैलबाजारात आईने पिठलं-भाकरीचं दुकान मांडायचं ठरवलं, तेव्हा फ्लेक्स मीच करणार हे घरात गृहीतच होतं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तोही पुण्यात डिझाइन शिकलेला. मला शिकवलं त्यातलं थोडं तरी घराच्या उपयोगी पडावं, असं मलाही वाटत होतं.

नजर आधी एकाच ठिकाणी गेली पाहिजे, मोकळ्या जागेला भिऊ नये, असं वर्गात शिकवलं होतं. बाजारातले फ्लेक्स लाल-पिवळे, अक्षरांनी गच्च भरलेले. म्हणून मी मधोमध आईचा एकच फोटो घेतला, काळा-पांढरा. भोवती कोरी जागा, कडेला बारीक काळी रेघ. खाली नाजूक अक्षरांत ‘आईच्या हातची पिठलं-भाकरी’.

बाजारच्या दिवशी तो बांबूला बांधला. आई पदर सावरून बराच वेळ बघत राहिली, मग चुलीपाशी बसली. लोक लांबूनच बघायचे, जरा थांबायचे आणि पुढे जायचे. एका म्हाताऱ्याने हात जोडले. तरी मला उमगलं नाही. उमगलं ते मावशी टेम्पोतून उतरून रडत आली तेव्हा.

“आक्के, तू हाईस व्हय गं!” म्हणत ती मटकन खालीच बसली.

बैलांचे व्यापारी हसायला लागले. “मामी, दहावा कधी हाय तेवढं सांगा, मग जेवायलाच येतो!”

माझी मान वर होईना. श्रद्धांजलीचे फ्लेक्स मी लहानपणापासून चौकात बघत आलो होतो. पण हा फ्लेक्स करताना माझ्या डोळ्यांसमोर वर्ग होता, बाजार नव्हताच.

आई उठली. “जिती हाय मी! पोरगं लई शिकलंय, त्याला रंग कमी लागत्यात. बसा जेवायला.”

दोघं-तिघं बसले. उरलेल्या भाकरी आम्ही घरी नेल्या. वाटेत ती मला एका शब्दानंही बोलली नाही, मावशीलाच हसत राहिली.

पुढच्या बाजारला मी दुसरा फ्लेक्स लावला. पिवळा, वर ठळक लाल ‘गरम पिठलं-भाकरी’, खाली वाफाळतं ताट. दुपारपर्यंत पीठ संपलं. आईने हात धुतले आणि वर पाहिलं.

“माझा फोटो न्हाई टाकला?”

“जागा उरली नाही, आई.”

“असू दे,” ती म्हणाली. “चांगला आला हुता.”